रिकामं चाक

वामनरावांना आदिलाबादेत सगळे ‘मिस्तरी’ म्हणत आणि ते त्यांना मुळीच खपत नसे. मिस्तरी म्हणजे विटा रचणारा, असं त्यांचं ठाम मत. आपण लेथवाले, शतांश मिलिमीटरात बोलणारे. कापूस बाजाराच्या मागच्या गल्लीत त्यांचं पत्र्याचं वर्कशॉप होतं आणि वर्कशॉपच्या भिंतीला भिंत लावून घर. हंगामात जिनिंगच्या यंत्रांचे शाफ्ट यायचे, एरवी शेतातल्या पंपांचे. कुणी शाफ्ट घेऊन आला की वामनराव तो डोळ्यांसमोर धरायचे, एक डोळा मिटायचे आणि “वाकडा हाय” म्हणायचे. मग मायक्रोमीटर लावून किती वाकडा तेही सांगायचे. अंदाज आणि माप जुळलं की स्वारी दिवसभर खुशीत.

अशा माणसाच्या घरात बापूजी होते, हीच गंमत. बापूजी म्हणजे वामनरावांचे वडील. जवळच्या बेला गावाकडच्या खेड्यांमध्ये त्यांनी उभा जन्म बैलगाड्या केल्या. हात थरथरायला लागले तसे ते मुलाकडे राहायला आले आणि तान्ह्या पोळ्यासाठी लाकडी बैल करू लागले. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी गल्लीतली पोरं चाकांवरचे लाकडी बैल दोरीनं ओढत मिरवतात, त्यांतले निम्मे बैल बापूजींच्या हातचे. बैल तयार झाला की त्याच्या पाठीवर चिमूटभर ज्वारी ठेवायची आणि मगच त्याला पहिल्यांदा चालवायचं, ही बापूजींची रीत. गाड्या करायचे तेव्हा पायलीभर ठेवायचे. नवं चाक रिकामं चालू द्यायचं नाही. का, ते बापूजींनी कधी सांगितलं नाही आणि वामनरावांनी कधी विचारलं नाही.

“चाकाले काय समजते, वर वजन हाय का नाई?” वामनराव हसून म्हणायचे.

“त्यालेच समजते,” बापूजी म्हणायचे, आणि पॉलिशपेपर घासत राहायचे.

एकोणनव्वद सालच्या पावसाळ्यात भगवंतराव वर्कशॉपमध्ये एक मोटार घेऊन आले. मोटार तळहातावर मावणारी. भगवंतराव गावाबाहेरच्या सिमेंट कारखान्यात इलेक्ट्रिकल इंजिनीअर होते, मूळचे नागपूरचे, गोरे, जाड भिंगांचा चष्मा लावणारे, आणि खेळण्यांचं वेड कधी न सुटलेले. त्यांच्या भावानं जर्मनीहून एक खेळ पाठवला होता. क्लबातलं टेबलटेनिसचं टेबल बाजूला सारून त्यांनी तिथं फळ्यांचा वळणावळणाचा रस्ता मांडला होता. रस्त्यात बोटाच्या नखाएवढी खाच, खाचेच्या दोन्ही अंगांना तांब्याच्या पट्ट्या. मोटारीच्या पोटाखाली एक खुंटी असते, ती खाचेत बसते. हातातलं बटण दाबलं की पट्ट्यांतून वीज येते आणि मोटार खाच धरून पळते. जरा जास्त दाबलं की वळणावर खाचेतून उडते आणि भिंतीवर आपटते.

“आपटून आपटून हिचे एक्सल वाकले,” भगवंतराव म्हणाले. “टायरही कडक झालेत. बाहेरून मागवायचे तर दिवाळी उजाडेल. पोळ्यानंतरच्या रविवारी मंचेरियलचा क्लब इथं शर्यतीला येतोय. तुम्ही करून द्याल का?”

“पाह्यतो,” वामनराव म्हणाले. ते फार खूश असले की एवढंच म्हणत.

मग पंपांचे शाफ्ट कोपऱ्यात पडून राहिले. वामनरावांनी सिल्व्हर स्टीलच्या बारीक सळईतून दोन एक्सल कापले, काचेवर लोळवून लोळवून सरळ आहेत याची खात्री केली. ॲल्युमिनियमच्या दांड्यातून चार चाकं कातली, प्रत्येक बोटाच्या पेराएवढं. पंचाईत आली टायरची. ट्रकच्या ट्यूबचं रबर घट्ट निघालं, जिनिंगच्या रोलरवरचं चामडं घसरायला लागलं. शेवटी दारात पडलेली विमलची जुनी हवाई चप्पल त्यांनी उचलली. टाचेखाली झिजून ती अगदी हवी तितकी मऊ झाली होती. तिचे गोल कापून त्यांनी चाकांवर चिकटवले आणि लेथवर फिरवत घासून गुळगुळीत केले.

विमल ही त्यांची एकुलती लेक. बाळंतपणाला माहेरी आली होती, सातवा सरत आला होता. पहिल्या खेपेला चौथ्या महिन्यात सगळं संपलं होतं. त्यानंतर ती कितीतरी दिवस कुणाशी बोलली नव्हती, आणि भिंतीपलीकडे लेथ चालू असतानाही वामनरावांना तिचं ते न बोलणं ऐकू यायचं. या खेपेला तिची आई रेणुकाबाई तिला उंबऱ्यावर बसू देत नव्हत्या, पाण्याची घागर उचलू देत नव्हत्या. वामनराव उघड काही बोलत नसत, पण दर आठवड्याला नर्सबाई तपासून गेल्या की वर्कशॉपमधून उगीच पाणी प्यायला घरात येत आणि बायकोचा चेहरा बघून जात.

चाकं बसवून मोटार पूर्ण झाली तेव्हा ते ती मिरवतच घरात घेऊन आले. विमल भिंतीला टेकून, पाय पसरून बसली होती.

“द्या न बाबा, पाहू द्या,” ती म्हणाली. मोटार हातात घेऊन तिनं आपल्या पोटावर ठेवली आणि हलकेच ढकलली. मोटार पोटाच्या उंचवट्यावर चढली, पलीकडच्या उतारावरून मांडीवर उतरली. विमल खुदकन हसली. “पाह्य वं माय, तुहं नातवंड मोटारीत बसलं!”

“ठेव ते खाली,” रेणुकाबाई म्हणाल्या, पण त्याही हसत होत्या. कितीतरी दिवसांनी घरात असं हसू आलं होतं. मांडीवर आडव्या पडलेल्या मोटारीची चाकं बराच वेळ फिरत राहिली. काय गुळगुळीत फिरतंय, वामनरावांच्या मनात आलं.

ओसरीवर बापूजींचा पॉलिशपेपर थांबला होता.

“वामन, हे चाक पह्यल्यांदाच चाललं का रे?”

“हो. आताच बसवलं.”

“वर काई ठेवलं व्हतं?”

“बापूजी, खेळणं हाय ते.”

बापूजींनी हातातला बैल खाली ठेवला. त्या दिवशी त्यांनी तो पुन्हा हातात घेतला नाही.

मोटार भगवंतरावांकडे गेली आणि त्यांचा आनंद गगनात मावेना. पहिल्या संध्याकाळी वामनरावांना त्यांनी मुद्दाम क्लबात बोलावून घेतलं. मोटार अशी सुटायची की नजर मागं राहायची. वळणावर मागची चाकं किंचित बाहेर फेकली जात आणि पुन्हा खाचेवर येत. कारखान्यातले चार-पाच अधिकारी चहाचे कप हातात धरून बघत राहिले. भगवंतरावांनी नियमच करून टाकला. शिफ्ट सुटल्याचा भोंगा झाला की क्लब, दिवेलागणीपर्यंत सराव.

आठवडाभरानं ते परत आले. चेहरा जरा पडलेला.

“वामनराव, हळू पळतेय.”

“आतली मोटर पाह्यली?”

“उघडून पाहिली, बदलून पाहिली. व्होल्टेज तपासलं. पट्ट्या घासून काढल्या. मोकळी पळायची ती आता भरल्यासारखी पळतेय.” त्यांनी रुमालातून मागचा एक्सल काढून समोर धरला. “आणि हे बघा.”

वामनरावांनी एक डोळा मिटला. एक्सल वाकला होता. त्यांना आधी रागच आला, कारण त्यांच्या हातचा एक्सल वाकणं म्हणजे त्यांची अब्रू जाणं होतं. मग त्यांनी तो नीट पाहिला. आपटल्यानं वाकलेला शाफ्ट कुठंतरी एका जागी मोडतो. हा मधोमध सावकाश, एकसारखा खाली झुकला होता. सतत ओझं वाहणाऱ्या गाडीचा कणा असा झुकतो. बापूजींच्या जुन्या गाड्यांखाली त्यांनी लहानपणी तो पाहिला होता.

मोटारीचं वजन पावशेरही नव्हतं.

त्यांनी नवा एक्सल केला, या खेपेला स्टील तापवून पाणी देऊन कडक केलं, आणि चाकं तीच बसवून दिली. त्या दिवशी जेवताना रेणुकाबाई कौतुकानं सांगत होत्या की लेकरू मोठं शहाणं आहे, दिवसभर लाथा मारतं आणि संध्याकाळ झाली की गप निजतं. सगळे हसले. बापूजी तेवढे हसले नाहीत.

मग वजनाची गोष्ट झाली. भगवंतराव शास्त्राचा माणूस. एका रविवारी दुपारी त्यांनी क्लबात स्वयंपाकघरातला काटा आणून ठेवला, वर मांडणी करून रस्त्याची एक सुटी फळी ठेवली, फळीवर मोटार. मोटारीचं नाक दोऱ्यानं खिळ्याला बांधलं, म्हणजे चाकं जागच्या जागी फिरतील. फळी आणि मोटार धरून काटा शून्यावर आणला. खोलीत दोघंच होते. बाहेर कॉलनीतल्या कुणाच्या तरी रेडिओवर तेलुगू बातम्या चालल्या होत्या.

भगवंतरावांनी बटण दाबलं. चाकं फिरली. काटा थरथरला.

“कंपनामुळे,” भगवंतराव म्हणाले.

काट्याची थरथर थांबली आणि तो सरकायला लागला. झटका नाही, घाई नाही. पाव किलो. अर्धा. कुणी हळूच येऊन फळीवर टेकावं तसा. वामनरावांनी वाकून फळीच्या खाली पाहिलं, वर पाहिलं. टायर दबून पसरले होते. काटा दीड किलोच्या पुढं जाऊन थांबला.

भगवंतरावांनी बटण सोडलं. चाकं थांबली, आणि काटा शून्यावर आला. झटकन नाही आला. चाकं थांबल्यावरही जरा वेळ तो तिथंच होता.

भगवंतरावांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला. “स्प्रिंग खराब असेल,” ते म्हणाले. दोघांनी मिळून काटा उचलून ठेवला आणि पुन्हा त्याचं नाव काढलं नाही.

वामनराव घरी आले तर नर्सबाई बयनाबाई हात धूत होत्या. सरकारी दवाखान्यातून त्या दर रविवारी गल्लीत फेरी मारत.

“लेकरू चांगलं हाय,” त्या म्हणाल्या. “दीड किलोच्या वर भरलं असंन आता. फक्त मी आली तवा लय येळ हाललंच नाई. मंग हाललं.”

“कवा?” वामनरावांनी विचारलं.

“आता, तुमी याच्या जराकसं आधी.”

वामनराव वर्कशॉपमध्ये जाऊन स्टुलावर बसले. हा योगायोग आहे, असं त्यांनी स्वतःला सांगितलं. शंभर गोष्टी एका वेळी घडत असतात, त्यांतल्या दोन उचलून एकमेकींना बांधणं हे बापूजींचं काम, आपलं नाही. मापाशिवाय काही मानायचं नाही. म्हणून त्यांनी माप घ्यायचं ठरवलं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ते कामधंदा सोडून घराच्या दारात बसले. विमल गवारीच्या शेंगा मोडत होती. शेंगांची स्टीलची ताटली तिनं पोटावरच टेकवली होती, आणि आतून लाथ बसली की ताटली टणकन हलायची, शेंगा उडायच्या. विमल त्याच्याशी बोलत होती. “खाऊन घे म्हणून राह्यला का बाबू? थांब न जराकसा.”

कारखान्याचा भोंगा झाला. गावभर ऐकू जायचा तो. ताटली हलत होती. आता भगवंतराव हात धुऊन चहा घेत असतील. ताटली हलली. आता क्लबाचं दार उघडलं असेल. आता ते बटण हातात घेतील.

ताटली थांबली.

वामनराव तिच्याकडे बघत राहिले. विमल शेंगा मोडत होती. ताटलीत एकही शेंग हलत नव्हती.

“निजलं,” विमल म्हणाली.

पुढच्या दिवशी भोंगा झाला तरी ताटली दिवेलागणीपर्यंत वाजत होती. विमल वैतागली, “आज काऊन झोपून नाई राह्यलं?” दुसऱ्या दिवशी सकाळी वामनराव लूना काढून कारखान्यावर गेले आणि भगवंतरावांना इकडचं तिकडचं विचारता विचारता कळलं, की काल कॉलनीत वीजच नव्हती.

त्यांनी चाकं परत मागितली. कारण मात्र सांगितलं नाही. काय सांगणार होते? आयुष्यभर ज्या तोंडानं बापूजींना हसले, त्याच तोंडानं एका इंजिनीअरला सांगायचं, की तुमच्या मोटारीत माझ्या लेकीचं लेकरू बसतं? त्यांना शरम वाटली. त्यांनी नव्या चाकांचा जोड करून नेला, जुना सदोष आहे म्हणाले. भगवंतरावांनी नवा जोड लावून पाहिला. मोटार पहिल्याच वळणाला उडून भिंतीवर गेली.

“ती जुनीच रस्ता धरून ठेवतात,” भगवंतराव म्हणाले. “हळू पळते, पण कशीही दाबा, उडत नाही. शर्यतीला तीच हवीत. रविवार झाला की घेऊन जा. तोपर्यंत सराव बंद, मग तर झालं?”

वामनराव हो म्हणाले. तिथं त्यांनी पाय रोवायला हवे होते, पण ते हो म्हणाले.

सराव बंद झाला आणि ताटली सकाळ-संध्याकाळ वाजायला लागली. पोळा झाला. तान्हा पोळा झाला, बापूजींचे बैल पाठीवर ज्वारी घेऊन गल्लीतून मिरवले. वामनरावांना रात्री झोप लागू लागली. योगायोगच होता तो, असं त्यांना पुन्हा वाटायला लागलं, आणि रविवार उजाडला.

मंचेरियलची मंडळी सकाळच्या बसनं आली. शर्यत न्याहारीनंतर सुरू होणार होती.

ती सुरू झाल्याचं वामनरावांना कुणी सांगावं लागलं नाही. विमल उठून मोरीकडे निघाली होती. मध्येच थांबली आणि तिनं दोन्ही हात पोटावर ठेवले.

“हालून नाई राह्यलं, माय,” ती म्हणाली.

“निजलं असंन.”

“नाई. हलकं लागून राह्यलं.”

रेणुकाबाईंनी बयनाबाईंना बोलावून आणलं. बयनाबाईंनी लाकडी नळकांडं पोटाला लावून कान टेकला. इकडे टेकला, तिकडे टेकला. पंखा बंद करायला सांगितला, पुन्हा टेकला. मग नळकांडं पिशवीत ठेवून त्या विमलशी गोड बोलल्या, आणि बाहेर येऊन रेणुकाबाईंना म्हणाल्या, “रिक्षा बोलवा. दवाखान्यात नेऊ. ठोके सापडून नाई राह्यले मले.”

रेणुकाबाई खाली बसल्या. आत विमल कुणाशीच बोलत नव्हती. ते न बोलणं वामनरावांच्या ओळखीचं होतं.

ते ओसरीवर गेले. बापूजी दाराकडे बघत बसले होते.

“बापूजी, मी ते फोडून टाकतो. जाऊन घणाखाली घेतो.”

बापूजींनी त्यांचा हात धरला. थरथरता हात, पण पकड सुताराची.

“फोडू नोको. थांबवू बी नोको. भरली गाडी वाटंत नाई सोडत.”

“मंग काय करू?”

“जेथं भरली, तेथंच खाली कर.” मग ते हळू म्हणाले, “सारी खाली कर, वामन. चाक पुरं थांबू दे.”

क्लबाची खोली माणसांनी भरली होती. शेवटची शर्यत चालली होती. मंचेरियलची लाल मोटार सपासप फिरत होती, आणि भगवंतरावांची तिच्या मागून जात होती, जड, संथ, न उडणारी. फळ्या तिच्याखाली वाजत होत्या. लोक हसत होते. भगवंतराव हसत नव्हते.

वामनराव गर्दीतून घुसले आणि वळणावर ओणवे झाले. मोटार आली. त्यांनी ती दोन्ही हातांनी उचलली.

हात खाली गेले. मनगटं फळीवर आपटली. त्यांनी जोर लावून ती छातीशी घेतली.

“अहो मिस्तरी!” कुणीतरी ओरडलं.

चाकं फिरत होती. पट्टी नाही, वीज नाही, आणि चाकं फिरत होती. मोटारीचा पत्रा कोमट होता.

हसणं थांबलं. भगवंतरावांनी बटण खाली ठेवलं. त्यांनी चाकांकडे पाहिलं, मग वामनरावांच्या तोंडाकडे पाहिलं.

“कुठं जायचंय?” त्यांनी विचारलं.

“घरी. थांबायच्या आत.”

भगवंतरावांनी स्कूटर काढली. वाटेत त्यांनी एकही प्रश्न विचारला नाही. वामनराव मागं बसून दोन्ही हातांची ओंजळ पोटाशी धरून होते. रेल्वे फाटकाशी चाकं मंदावली असं त्यांना वाटलं. “चाला जी, चाला,” ते म्हणाले, आणि भगवंतरावांनी फाटकाच्या बाजूनं स्कूटर घातली.

दारात रिक्षा उभी होती. विमलला अजून बाहेर आणलं नव्हतं. ती खाटेवर डोळे मिटून पडली होती.

“बाबा?”

“पडून राय, माय.”

त्यांनी मोटार तिच्या पोटावर ठेवली.

मोटार चालली नाही. चाकं जागच्या जागी फिरत राहिली, लुगड्याच्या काठाला घासत. मग मंद झाली. मोटारीखाली खोलगट झालेलं लुगडं हळूहळू वर येऊ लागलं.

मागची चाकं थांबली.

विमलचं पोट एका बाजूनं उचललं गेलं.

“हाललं!” ती ओरडली. “माय, हाललं!”

बयनाबाईंनी नळकांडं काढलं. रेणुकाबाई पुढं धावल्या, “काय ठेवलं हे तिच्या अंगावर!” म्हणून त्यांनी मोटार उचलली आणि भिंतीवरच्या फळीवर ठेवून दिली. “हायेत ठोके,” बयनाबाई म्हणाल्या, “चांगले हायेत.” दारात भगवंतराव चष्मा हातात घेऊन रडत होते, का ते त्यांनाही सांगता आलं नसतं.

वामनराव फळीकडे बघत होते. मोटारीची पुढची चाकं अजून फिरत होती.

नात झाली ती महिनाभरानं. धडधाकट, काळेभोर केस, रडली की गल्लीच्या टोकापर्यंत आवाज. बयनाबाईंनी तिला कापडात गुंडाळून काट्याच्या आकड्याला टांगलं आणि वजन पाहून खूश झाल्या. पोर रडता रडता तिथंच झोपली. बयनाबाईंनी पुन्हा काट्याकडे पाहिलं, त्याच्यावर दोनदा टिचकी मारली, आणि नवा काटा मागवायला पाहिजे असं पुटपुटत तो पिशवीत टाकला.

मोटार वर्कशॉपच्या लोखंडी कपाटात होती. वामनरावांनी ती विमलच्या पोटावर पुन्हा ठेवून पाहिली होती, त्याच दिवशी आणि नंतरही. पुढची चाकं थांबली नव्हती. फोडायची त्यांना भीती वाटत होती, थांबवायची त्याहून जास्त. बापूजींना त्यांनी सांगितलं तेव्हा बापूजींनी एवढंच विचारलं, की पोरगी झोपते कशी. भगवंतरावांनी मोटार कधीच परत मागितली नाही. एकदा ते बाळाला बघायला आले, तिला हातात न घेताच झबलं देऊन गेले.

बारशानंतरच्या एका दुपारची गोष्ट. विमल आणि रेणुकाबाई आत जेवत होत्या. पोर झोळीत किरकिरत होती. जुन्या लुगड्याची झोळी, वर आढ्याच्या कडीला दोरानं टांगलेली. वामनराव दोरी ओढत बसले होते. झोळीचा तळ पोरीच्या भारानं ताणला होता आणि प्रत्येक झोक्याला कडी करकरत होती.

किरकिर थांबली. मग कडीची करकर थांबली.

झोळीचा तळ वर आला. पंख्याच्या वाऱ्यानं झोळी दोरीवर वाळत घातलेल्या धोतरासारखी एका बाजूला उडाली.

वामनराव उठले, त्यांनी झोळी फाकवून पाहिलं. पोर होती. गालाशी मूठ घेऊन झोपली होती, नाकपुड्या हलत होत्या. त्यांनी तळाखाली हात धरला. ऊब लागली. भार लागला नाही.

भिंतीपलीकडे वर्कशॉपमध्ये कपाटाची फळी करकरली.

त्यांनी स्वयंपाकघरातून ज्वारी आणली, पिशवीत भरली आणि पोरीच्या पायाशी झोळीत ठेवली. झोळी खाली बसली. दोर ताणला, कडी वाजली. ते खाली बसले आणि पुन्हा दोरी ओढू लागले.

“ज्वारी काऊन ठेवून राह्यले जी तिच्यापाशी?” रेणुकाबाईंनी आतून विचारलं.

“असू दे.”

कडी करकरत होती. ती ऐकत ते दोरी ओढत राहिले. काही वेळानं करकर बारीक झाली, आणि मग ऐकू येईना. त्यांनी मान वर करून पाहिलं. पिशवी पोरीच्या पायाशी होती, तिचं तोंड बांधलेलं होतं, एक दाणाही सांडला नव्हता. झोळीचा तळ सावकाश वर येत होता.